गावच्या क्रॉसिंग स्टेशनाचे मॉडेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकण रेल्वेवरील एका लहान स्टेशनाचे मी घरी केलेले मॉडेल पाहून गेलेले लोक, तसे काही स्वतः करू इच्छिणारे हौशी आणि जुन्या गाड्यांच्या आठवणींत रमणारे गावकरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

हे मॉडेल नेमके कोणत्या स्टेशनाचे आहे?

संगमेश्वर ते रत्नागिरी या टापूतील एका लहान क्रॉसिंग स्टेशनाचे, म्हणजे एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या गाड्या जेथे एकमेकींना ओलांडतात अशा स्टेशनाचे, ते आहे. उक्षी, भोके या परिसरातील स्टेशनांचे तपशील त्यात एकत्र आले आहेत. एका स्टेशनाची हुबेहूब प्रतिकृती करण्याऐवजी त्या पट्ट्याचे रूप उतरावे, असा हेतू ठेवला : जांभ्याची लाल कटिंगे (डोंगर कापून राहिलेल्या भिंती), एक मुख्य मार्ग, एक लूप (दुसऱ्या गाडीला वाट देण्यासाठीचा बाजूचा रूळ), बुटका फलाट, लहानशी इमारत आणि रत्नागिरीच्या बाजूला डोंगरात शिरणारा रूळ. फलाटाच्या टोकाच्या पिवळ्या पाटीवर गावाचे नाव देवनागरीत दोनदा लिहिलेले आहे आणि अनेक जण ती चूक समजतात. ती चूक नाही. महाराष्ट्रातील स्टेशनांवर मराठी, हिंदी व इंग्रजी अशी तीन नावे असतात, त्यामुळे नावाचे रूप सारखे असले की देवनागरीत तेच नाव दोनदा येते. खालच्या ओळीत समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहावी लागते. तिच्याशिवाय पाटी खरी वाटत नाही.

परदेशी हौशी ‘शॉर्टलाइन’ म्हणतात तसा छोटा खाजगी मार्ग कोकणात नाही का?

अमेरिकेत मोठ्या कंपन्यांच्या जाळ्याला जोडणारे, थोड्या मैलांचे, बहुतेक मालवाहतूक करणारे स्वतंत्र मार्ग असतात आणि गावातील हौशी माणूस आपल्या लहानपणीचा तसा मार्ग मॉडेलमध्ये उभा करतो. कोकणात त्याच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण नेरळ–माथेरानचे. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःच्या पैशाने बांधलेला हा दोन फुटी मार्ग १९०७ साली सुरू झाला आणि सुमारे २१ किलोमीटरांत तो संपतो. ज्यांना हा मार्ग करावयाचा आहे, त्यांनी १:१९ (मॉडेलमधील एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातील १९) या मोठ्या प्रमाणाचा विचार करावा, कारण त्यात ३२ मिलिमीटर रुंदीचा रूळ दोन फुटांशी अचूक जुळतो. तथापि दक्षिणेकडील आम्हा लोकांच्या आठवणीतील ‘आपली गाडी’ माथेरानची नव्हे, ती दिवा–सावंतवाडी आणि रत्नागिरी पॅसेंजर होय.

संपूर्ण कोकण रेल्वे, निदान पानवलचा पूल तरी, का केला नाही?

आकडे मांडले की उत्साह आपोआप आटोक्यात येतो. रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर हा मार्ग ७४१ किलोमीटरांचा आहे. १:८७ या प्रमाणात एकट्या करबुडे बोगद्याची, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटरांची, लांबी जवळजवळ ७५ मीटर भरते. पानवल नदीवरील पूल ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब आहे. मॉडेलमध्ये तो सुमारे ७४ सेंटिमीटर उंच आणि पावणेपाच मीटरांहून लांब होईल. बैठकीच्या खोलीत तो बसवला, तर माणसांनी बसायचे कोठे, हा प्रश्न घरातून येतोच.

याहून महत्त्वाचे कारण वेगळे आहे. पुलावरून गाडी गेली की दृश्य संपते. लहान स्टेशनात मात्र गाडी येते, थांबते, दुसरीची वाट पाहते, दुसरी निघून जाते आणि मग पहिली हलते. एकेरी मार्गावरील हे थांबणे हाच कोकण रेल्वेच्या प्रवासाचा गाभा आहे, असे माझे मत आहे. रोहा–वीर हा टप्पा ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी झाला. पुढचा मार्ग मुख्यतः एकेरीच आहे. ‘गाडी क्रॉसिंगला लागली’ हे वाक्य ज्याने फलाटावर उभे राहून ऐकले आहे, त्याला पुलापेक्षा लूप अधिक जवळची वाटेल.

कोणत्या वर्षाचे मॉडेल करावे?

प्रमाण, जागा, पैसा या सर्वांच्या आधी हा प्रश्न सोडवावा, कारण वर्ष ठरले की इंजिनापासून फलाटावरील माणसाच्या हातातील वस्तूपर्यंत सगळे ठरत जाते.

रोहा–वीर टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला, पुढे गाडी टप्प्याटप्प्याने दक्षिणेकडे सरकत गेली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. त्या सुरुवातीच्या काळाचे मॉडेल करणाऱ्याने डबे तांबड्या रंगाचे ठेवावेत, कटिंगांचे जांभे ताजे, पिवळसर-तांबडे दाखवावेत आणि भरावांवर झाडोरा जवळजवळ नसावा. त्यानंतरचा काळ म्हणजे गडद निळ्या डब्यांचा, ज्यांच्या खिडक्यांच्या रांगेवरून फिकट निळा पट्टा जात असे. २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते वेर्णा अशी रो-रो सेवा सुरू झाली आणि सपाट वाघिणींवर भरलेले ट्रक, त्यांच्या केबिनमध्ये बसलेल्या चालकांसह, आमच्या स्टेशनातून जाऊ लागले. जून २०१९ मध्ये कोकणकन्या व मांडवी या गाड्यांना एलएचबी, म्हणजे नव्या जर्मन आराखड्याचे, डबे मिळाले. विद्युतीकरण २०२२ च्या मार्चमध्ये पूर्ण झाले आणि त्याच वर्षी २० जून रोजी त्याचे लोकार्पण झाले. जून २०२३ पासून वंदे भारतही धावू लागली.

मी २००५ च्या आसपासचा जुलै महिना निवडला. निळे डबे, अल्को या अमेरिकी कंपनीच्या घराण्याची डिझेल इंजिने, वर मोकळे आभाळ आणि खाली लावणी चाललेली खाचरे, हे सर्व एकाच चौकटीत त्या काळातच सापडते. ज्यांना दोन काळ एकत्र करायचे आहेत त्यांना कोणी अडवणार नाही. पण निळ्या पॅसेंजरच्या शेजारी वंदे भारत उभी केली, की पाहणाऱ्याला ते दुकानातील कपाट वाटते, गाव वाटत नाही.

प्रमाण कोणते घ्यावे आणि ब्रॉडगेजचे काय करावे?

भारतीय ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांतील अंतर, १६७६ मिलिमीटरांचा आहे. बाजारात मिळणारा एचओ प्रमाणाचा, म्हणजे १:८७ चा, रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतो आणि तो १४३५ मिलिमीटरांच्या स्टँडर्ड गेजसाठी आखलेला आहे. आपल्या गेजला १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर रुंदी हवी. म्हणजे तयार रूळ वापरला तर जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर कमी पडतात आणि समोरून पाहिल्यास गाडी अरुंद पायांवर उभी असल्यासारखी दिसते.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे रूळ स्वतः टाकणे, चाकांचे आस बदलणे आणि पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी जोडणी) हाताने घडवणे. हा मार्ग अचूक आहे, परंतु त्यात पडलेली माणसे पुष्कळदा रुळापाशीच थांबतात आणि स्टेशन कधी उभेच राहत नाही. दुसरा म्हणजे १६.५ चा रूळ मान्य करून लेआउट, म्हणजे मॉडेलची सगळी मांडणी, डोळ्यांच्या पातळीवर, बाजूने पाहण्यासाठी ठेवणे. गेजमधील फरक वरून व समोरून जाणवतो, बाजूने जाणवत नाही. मी दुसरा मार्ग घेतला. एवढे मात्र अवश्य करावे की दिसणाऱ्या भागात रुळांखालील काँक्रीटच्या आडव्या स्लीपरचा राखाडी रंग आणि लांबी सांभाळावी. आपला ब्रॉडगेजचा काँक्रीट स्लीपर २७५० मिलिमीटर लांब असतो, म्हणजे मॉडेलमध्ये साडेएकतीस मिलिमीटरांच्या वर. तपकिरी लाकडी स्लीपरांचा परदेशी रूळ तसाच ठेवला, तर बाकी सर्व मेहनत वाया जाते.

जागा फारच कमी असल्यास १:१६० चे एन प्रमाण पाहावे, मात्र त्यात फलाटावरील माणसे जेमतेम एक सेंटिमीटरची होतात आणि वयस्कर डोळ्यांना ती त्रासाची ठरतात.

लूप व फलाट किती लांब ठेवावेत?

जुन्या आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याच्या) डब्याची बफरांसह लांबी सुमारे २२.३ मीटर, म्हणजे एचओ प्रमाणात २५६ मिलिमीटर. डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन १७.१२ मीटरांचे, म्हणजे १९७ मिलिमीटर. अठरा डब्यांची पूर्ण गाडी लावायची ठरवली तर केवळ गाडीच ४.८ मीटर होते. मी पाच डबे व एक इंजिन यावर समाधान मानले. ही गाडी दीड मीटरांत बसते, म्हणून लूपची उपयोगी लांबी १.८ मीटर ठेवली. पाचच डबे आहेत हे लपवण्यासाठी फलाटाच्या मध्यावर एक आंब्याचे झाड पुढे आणले आहे, जेणेकरून गाडीची दोन्ही टोके एकाच नजरेत येऊ नयेत.

वळणांच्या बाबतीत तडजोड अटळ आहे. कोकण रेल्वेची वळणे सामान्यतः १२५० मीटर त्रिज्येहून तीव्र नाहीत. त्याचे मॉडेल चौदा मीटरांहून मोठ्या त्रिज्येचे होईल. दिसणाऱ्या भागात ७५ आणि झाकलेल्या भागात ६० सेंटिमीटरांहून कमी त्रिज्या घेऊ नये, एवढे पथ्य पाळले तरी पुरे.

आणि चढ?

चढाची चिंता सोडावी. मार्गाचा मर्यादक चढ १५० ला १ इतका सौम्य आहे. दोन मीटरांत तो तेरा मिलिमीटरच चढतो. डोंगर उंच करावेत, रूळ सपाट ठेवावा. खऱ्या अभियंत्यांनीही बोगदे व पूल बांधून तेच साधले.

जांभ्याची कटिंगे इतकी खरी कशी दिसतात?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर द्यायला मला सर्वांत अधिक आवडते.

थर्माकोलच्या पायावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा बोटभर जाड थर द्यावा. तो अर्धवट घट्ट झाला, म्हणजे नख रोवले तर खूण राहते पण बोटाला चिकटत नाही अशा अवस्थेत आला, की राठ केसांचा जुना टूथब्रश त्यावर सरळ टोचत जावे. ब्रश ओढू नये, टोचावा. जांभ्याला जी बारीक, अनियमित छिद्रे असतात ती याने उमटतात. ओढल्यास रेघा पडतात आणि दगड काळ्या कातळासारखा दिसू लागतो. वाळल्यावर प्रथम पिवळ्या मातीचा पातळ हात, त्यावर गेरूचा आणि शेवटी अगदी पाणीदार काळा, जो छिद्रांत उतरून राहतो. नुकताच कापलेला जांभा उजळ असतो, उन्हापावसाने तो कठीण व काळपट होतो आणि पाऊस लागला की त्यावर शेवाळ धरते. म्हणून कटिंगच्या वरच्या कडेला काळपट-हिरवा आणि पायथ्याशी, जेथे माती ओघळून येते, तेथे तांबडा रंग असावा. अनेक जण सगळी भिंत एकसारखी लाल रंगवतात आणि ती विटांची दिसते.

स्टेशनाजवळील गडगे, म्हणजे बुटक्या दगडी भिंती, जांभ्याच्या चिऱ्यांचे आहेत. साधारण सव्वा फुटी चिरा १:८७ मध्ये साडेचार मिलिमीटरांचा होतो. पांगाऱ्याचे लाकूड, जे सावंतवाडीची खेळणी करणारे कारागीर वापरतात, ते हलके व मऊ असल्यामुळे असे चिरे करण्यासाठी त्याच्या पट्ट्या ब्लेडने सहज कापता येतात.

खरी जांभ्याची भुकटी वापरायची असल्यास ती चाळून झाल्यावर तिच्यावरून लोहचुंबक फिरवावे. तिच्यात लोहाचे अंश असतात आणि त्यांतील काही चुंबकाला चिकटतात. तेच कण इंजिनाच्या मोटरीत जाऊन बसले तर मोटर निकामी होते. रुळाखालील खडी मात्र लाल करू नये. ती काळ्या दगडाची असते, केवळ कडेला तिच्यावर लाल मातीचा हात चढलेला असतो.

पावसाळा कसा दाखवला आहे?

पडणारा पाऊस दाखवण्याचा प्रयत्न करू नये. ताणलेला दोरा दोराच दिसतो. पाऊस पडून गेल्याच्या खुणा दाखवाव्यात. फलाटाच्या फरशीवर चकाकणाऱ्या व्हार्निशचे ओबडधोबड डाग, डब्यांच्या बंद खिडक्या, गटारातून वाहणारे गढूळ पाणी, मिटलेल्या छत्र्या आणि रुळांच्या कडेने चाललेला गस्तवाला एवढ्याने काम होते. लावणीच्या खाचरांत सर्व रोपे एका हिरव्या रंगाची नसतात : तरव्यातील (रोपवाटिकेतील) रोपे पोपटी व दाट, लावलेली रोपे विरळ व किंचित पिवळी पडलेली. काथ्याचे बारीक तुकडे रंगवून दोन्ही करता येतात. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचे कुंपणावरील झुडूप उत्तम होते.

गाड्या चालवताना काय करता? नुसत्या गोल फिरवता का?

नाही. दोन्ही टोके झाकलेली आहेत : रत्नागिरीकडे बोगदा, संगमेश्वराकडे उंच कटिंग. त्यांच्या मागे गाड्या उभ्या करण्याचे रूळ आहेत आणि तेथून एकेक गाडी स्टेशनात येते. बोगद्याइतका नैसर्गिक पडदा दुसऱ्या कोणत्याही मार्गाच्या मॉडेलला मिळत नाही. कोकण रेल्वेवर नव्वदहून अधिक बोगदे आहेत, त्यामुळे तो ओढून आणल्यासारखाही वाटत नाही.

क्रम असा असतो. पॅसेंजर संगमेश्वराकडून येते, लूपवर फलाटाला लागते. उतारू उतरतात, असे आपण मानायचे. आता काही काळ काहीही घडत नाही आणि हे ‘काहीही न घडणे’ मी मुद्दाम लांबवतो. लहान मुले कंटाळतात, पण ज्यांनी त्या गाडीने प्रवास केला आहे ते लगेच बोलू लागतात : आज कोणाला सोडणार, जनशताब्दी की मालगाडी, मागच्या गणपतीत कुठे सायडिंगला टाकली होती, डब्यातल्या कोणी पत्ते काढले होते. मग बोगद्याच्या तोंडात दिवा दिसतो. स्टेशन मास्तर हिरवा झेंडा घेऊन उभा आहे. मांडवी मुख्य मार्गावरून न थांबता जाते. तिचा शेवटचा डबा कटिंगमागे गेला, पॉइंट फिरला आणि गाडीला निघण्याची परवानगी देणारा स्टार्टर सिग्नल उतरला, म्हणजे रंगीत दिव्यांच्या भाषेत हिरवा झाला, की पॅसेंजर हलते. यात घाई केली तर मॉडेल खेळणे होते.

मांडवीतील खाण्याचा उल्लेख पाहुणे हमखास करतात, पण वासाचे मॉडेल अजून कोणाला जमलेले नाही.

जुन्या गाड्यांच्या आठवणी व माहिती कशी गोळा करावी?

छायाचित्रांपासून सुरुवात न करता माणसांपासून करावी. ‘गाडी कशी होती’ असे विचारल्यास ‘चांगली होती’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी ‘स्टेशनावरून घरी कसे जायचात’ असे विचारावे. कोकणातील कितीतरी स्टेशनांच्या नावांत ‘रोड’ आहे, कारण गाव स्टेशनापासून दूर आहे : संगमेश्वर रोड, राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. त्या अंतराची आठवण निघाली की रिक्षा, बैलगाडी, डोक्यावरचे ओझे, पहाटेचा काळोख, चाकरमान्यांच्या ट्रंका हे सर्व आपोआप येते आणि त्यातून मॉडेलसाठी लागणारा तपशील मिळतो. मे महिन्यात करवंदे व काजूगर विकणाऱ्या बायका फलाटाच्या कोणत्या टोकाला बसत, हे मला अशाच बोलण्यातून कळले.

ज्यांची जमीन मार्गात गेली त्यांच्या आठवणी गोड असतीलच असे नाही, त्याही ऐकाव्यात. रेल्वे यावी म्हणून बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते यांनी केलेल्या पाठपुराव्याची आठवण ठेवणारी पिढी आता वयस्क झाली आहे, तेव्हा हे काम लांबणीवर टाकू नये. अभियंते ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली १९९० नंतर प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर ज्यांनी मुकादम, ड्रायव्हर किंवा मजूर म्हणून हाजरी लावली, त्यांच्याइतका कटिंगचा उतार दुसरा कोणी अचूक सांगत नाही.

स्टेशनात मोजमापे वा छायाचित्रे घेण्यापूर्वी तेथील कर्मचाऱ्यांना विचारावे आणि रुळांवर उतरू नये.

अपघात दाखवावेत का?

माझ्या मते दाखवू नयेत. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून झालेल्या अपघातात पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस दरडीमुळे घसरली. ज्या घरांत ती माणसे होती ती घरे याच पट्ट्यात आहेत. त्या अपघातांमुळे मार्गावर काय बदलले, ते दाखवणे मात्र योग्य आहे : उतारावरील जाळ्या, दगड भरलेल्या तारेच्या पेट्या, कमी केलेले उतार, पावसाळी गस्त. पावसाळ्यात मार्गावर वेगळे वेळापत्रक लागू होते आणि गाड्यांचा वेग कमी केला जातो. जुलैचे मॉडेल चालवताना मीही गाडी सावकाश चालवतो.

कोकणातील दमट हवेत लेआउट टिकतो का?

टिकतो, पण लाड करावे लागतात. चौकट व फळ्या मरीन प्लायच्या असाव्यात आणि कापलेल्या कडा रंगाने बंद कराव्यात, कारण पाणी कडांतूनच शिरते. रूळ निकेल-सिल्व्हरचे घ्यावेत. खाऱ्या हवेत लोखंडी रूळ एका पावसाळ्यात गंजतात. खडी चिकटवण्याचे पाणी घातलेले फेविकॉल जुलैत वाळता वाळत नाही आणि त्याला बुरशी येते, म्हणून ते काम दिवाळीनंतर करावे आणि त्यात चिमूटभर बोरिक पावडर घालावी. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात तसे येथे करू नये, त्याने धातू खराब होतो. वाळवीसाठी लेआउटचे पाय भिंतीपासून वीतभर दूर ठेवावेत.

इंजिन व डबे कोठून मिळवावेत?

भारतीय गाड्यांची तयार मॉडेले थोडी मिळतात आणि महाग पडतात. परदेशी अल्को इंजिनाचा चालता सांगाडा घेऊन त्यावर थ्री-डी प्रिंट केलेले किंवा प्लास्टिकच्या पत्र्याचे आवरण बसवणे, हा मधला मार्ग आहे. डब्ल्यूडीएम-२ मुळात अल्कोच्याच आराखड्यावरचे असल्यामुळे बोगींचा फरक फारसा खुपत नाही. डबे तर जाड कार्डशीटचेही उत्तम होतात, फक्त आतून वार्निश द्यावे. काम सुरू करण्यापूर्वी पुण्यातील कोथरूडचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय एकदा पाहून यावे, चालत्या मॉडेलचा अंदाज तेथे येतो.

पुढे विजेच्या तारा लावणार का?

या मॉडेलवर नाही. पण ज्यांना २०२२ नंतरचा काळ करायचा आहे, त्यांच्यासाठी दोन मापे : सरळ मार्गावर दोन खांबांतील अंतर जास्तीत जास्त ७२ मीटर, म्हणजे एचओ प्रमाणात ८३ सेंटिमीटर, वळणावर त्याहून कमी, आणि तारेची उंची साडेपाच मीटरांच्या आसपास, म्हणजे सुमारे ६३ मिलिमीटर. खांबांची छिद्रे खडी टाकण्यापूर्वी पाडून घ्यावीत.